आईच्या हातातली टू-बी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चित्र काढल्याचं मला ठाऊक नाही. दादा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशाला एक जाड पेन्सिल कायम अडकवलेली असे, पण तिने ते लोखंडावर खुणा करत आणि घरी आल्यावर तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी मिळेल त्याने आणि मिळेल तिथे काढायची. कोळशाने मोरीच्या भिंतीवर, खडूने पायरीवर, काहीच नसलं तर ओल्या बोटाने फरशीवर. शाळेतल्या बाईंनी एकदा दादांना बोलावून सांगितलं, "हिला शहरात एखाद्या चित्रकलेच्या क्लासला घाला. इथे नुसती भिंती खराब करतेय." दादांनी ते तक्रार म्हणून ऐकलं की कौतुक म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण कारखान्यातल्या कुणाकडून तरी ते पत्ता घेऊन आले आणि जेवताना आईला म्हणाले, "नारायण पेठेत एक बाई आहेत. दर रविवारी जायचं. मला सुट्टी गुरुवारी, तेव्हा हिला तूच ने."

आईच्या हातातला घास तसाच राहिला. पुण्यात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण हडपसरच्या पलीकडे ती एकटी कधी गेली नव्हती. ती भंडाऱ्याकडची. तिकडचं पाणी, तांदूळ, तळी आणि तिकडची बोली घेऊन ती इथे आली होती आणि त्यातली बोली तिला इथे फार जड गेली. बाजारात तिने पहिल्यांदा 'सांबार' मागितला तेव्हा भाजीवाली म्हणाली होती, "सांबार हाटेलात मिळंल बाई, इथं भाजी मिळती." आईला कोथिंबीर हवी होती. तेव्हापासून ती बाजारात बोटाने दाखवूनच भाजी घ्यायची. घरी मात्र ती खूप बोलायची, गायची, रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकताना त्या भाताशीसुद्धा बोलायची. संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून आम्ही वंदना म्हणत असू, त्यात तिचा आवाज सगळ्यांत वर. कारखान्याचा भोंगा, शेजारच्यांचा रेडिओ, परातीत भाकरी थापल्याचा आवाज आणि त्यावर तिचा तो उंच, जरा चिरका सूर. आता तिथे, हडपसरला, काचेच्या इमारती आहेत. मागच्या वर्षी मुलगा मला गाडीतून तिकडे घेऊन गेला होता. आमची चाळ नेमकी कुठे होती हे मला दाखवता आलं नाही. "जाऊ दे ना आई, गूगलवर बघू," तो म्हणाला. गूगलवर काय दिसणार होतं कोण जाणे.

तर आम्ही रविवारी सकाळी निघायचो. आई नीट धुतलेलं पातळ नेसायची, माझ्या दोन वेण्या ओढून घालायची आणि पिशवीत डबा टाकायची. मंडईपर्यंत बस आणि तिथून चालत नारायण पेठ. लिमयेबाई एका जुन्या घराच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत राहत. कुठल्याशा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, सडपातळ, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. खोलीत पेन्सिलीच्या भुशाचा आणि जुन्या कागदांचा वास. सात-आठ मुली सतरंजीवर पाट मांडून बसलेल्या. मी आत गेले आणि आई बाहेर उंबऱ्यावर बसली. आत कुणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता कुणाच्या घरात शिरायचं नाही हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. ते कुठून मुरलं होतं हे तेव्हा मला कळत नव्हतं, लिमयेबाईंना कदाचित कळत असावं. त्यांनी दोन-तीनदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आपण आत या बघू. उंबऱ्यावर बसून माझा उजेड अडवताय."

आई अंग चोरून आत आली आणि माझ्या शेजारी बसली.

पहिले कित्येक रविवार लिमयेबाईंनी आम्हाला फक्त रेघा काढायला लावल्या. उभ्या, आडव्या, तिरक्या. पट्टी नाही, खोडरबर नाही. खोडरबर तर त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं. "चुकलं की दिसू दे चुकलेलं. त्याच्याशेजारी बरोबर काढ." मी मनगट कागदावर दाबून घासायची, तर त्या मागून म्हणायच्या, "पेन्सिल आहे ती, लाटणं नव्हे." पेन्सिलीला टोक करायची त्यांची पद्धतही निराळी. ब्लेडने लाकूड लांब तासून शिसं चांगलं उघडं करायचं. पेन्सिल दूर धरायची, मूठ सैल, आणि हात खांद्यापासून हलवायचा. मला ते जमेना. रेघ सरळ निघायची आणि मध्येच साप झाल्यासारखी वळायची. आई शेजारी बसून बघायची. तिचे हात मांडीवर गुमान पडलेले असायचे, पण बोटं हलायची. एका रविवारी लिमयेबाईंनी ते पाहिलं असावं. त्यांनी एक कागद आणि टू-बी पेन्सिल आईपुढे ठेवली.

"मले?" आई घाबरून म्हणाली. "मले नाही येत बाप्पा."

"येत असतं तर इथे कशाला आला असतात?" लिमयेबाई म्हणाल्या. "मला रिकामे हात बघवत नाहीत. काढा."

सगळ्या मुली हसल्या. आईही हसली, तोंडाला पदर लावून. मग तिने पेन्सिल उचलली. सुई उचलावी तशी, दोन बोटांच्या चिमटीत. तिची पहिली रेघ मला अजून दिसते. थरथरती, कोवळी, मध्ये दोनदा थांबलेली. पण ती कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि तिथे पोचल्यावर आईने जो श्वास सोडला तो मला शेजारी ऐकू आला.

तिथून पुढे आम्ही दोघी शिकू लागलो. दादांना सांगावं की नाही यावर आई आठवडाभर विचार करत राहिली, आणि शेवटी मीच बोलून गेले. दादा म्हणाले, "बसचं तिकीट तर दोघींचं लागतंच." त्यांचं हेच संमती देणं. आठवड्यात दुपारची धुणीभांडी उरकली की आई मला शाळेतून येताच विचारायची, "आज काय काढू वं?" आणि आम्ही दोघी चटईवर पालथ्या पडून पितळी तांब्या काढायला घ्यायचो. तांब्याने आमचा अंत पाहिला. लिमयेबाईंनी एका रविवारी क्लासमध्ये तो पाटावर ठेवून काढायला सांगितला होता आणि आईने त्याचं तोंड पूर्ण गोल काढलं होतं, चांदोबासारखं. बाई बराच वेळ त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"तोंड आहे बाई."

"एवढं गोल?"

"तोंड तं गोलच असते न बाई तांब्याचं," आई म्हणाली. "मी रोज घासते."

"असतं," लिमयेबाई म्हणाल्या. "दिसतं का? इथे बसून दिसतं का तुम्हाला गोल?"

आईने मान खाली करून, डोळा बारीक करून पाहिलं. मग हळूच मान वर केली, पुन्हा खाली केली. तिचा चेहरा असा झाला, जणू तिला कुणी घरातच एक नवी खोली दाखवली आहे. "चपटं दिसते," ती म्हणाली. "अंड्यावानी." त्या दिवशी बसमध्ये ती मला सगळं दाखवत होती. चाकं, बादल्या, हातगाडीवरच्या टोपल्या, कंडक्टरची टोपी. "पाह्य वं सुजू, ते पण चपटं. ते पण." आजूबाजूची माणसं बघत होती, आणि ती पुण्यातल्या बसमध्ये पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती, तिच्या बोलीत.

मला आता साठी उलटून गेली आहे. पुढे मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शाळेत चित्रकला शिकवली, असंख्य मुलांचे असंख्य गोल तांबे चपटे केले. पण शिकण्याचा तो वास, दोन डोकी एका कागदावर वाकलेली आणि आईच्या केसांतल्या खोबरेल तेलात मिसळलेला शिशाचा वास, तो पुन्हा कधी पुरता आला नाही. कधीकधी नवी पेन्सिल तासताना अगदी क्षणभर येतो आणि मी ब्लेड हातात धरून तशीच उभी राहते.

थंडी पडायला लागली होती तेव्हा तार आली. गुरुवार होता, दादा घरी होते. आई पोपटीच्या शेंगा सोलत बसली होती. पुण्याची माणसं त्यांना वालाच्या शेंगा म्हणतात. आईच्या माहेरकडचं कुणीतरी येताना त्या घेऊन आलं होतं आणि ती त्या दिवशी फार खुशीत होती. दादांनी तार वाचली, पुन्हा वाचली आणि आईच्या पुढ्यात खाली बसले. आजोबा गेले होते. आईचे वडील. मामाने तार केली होती. अंत्यविधी झाला, पुण्यानुमोदनाच्या वंदनेला या, आणि शेवटी, बाबांचा फोटो असल्यास आणा.

आई रडली नाही. शेंगा सोलत राहिली. सगळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, "फोटो कुठून आणू? बाबांनं फोटो काढलाच नाही कधी."

खरंच काढला नव्हता. आईच्या लग्नात फोटोवाला आला होता म्हणे, पण आजोबा तेव्हा वाढप करत होते. मी त्यांना फार लहानपणी पाहिलं होतं. मला फक्त त्यांचं बोट आठवत होतं, माझी सबंध मूठ भरेल एवढं जाड. दादांना रजा मिळून आम्ही निघेपर्यंत मध्ये काही दिवस होते आणि त्यात एक रविवार होता. मला वाटलं, आता कसला क्लास. पण रविवारी सकाळी आईच तयार होऊन दारात उभी. "चाल," ती म्हणाली, "बाईले विचारू."

लिमयेबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. आई सांगत होती आणि सांगताना बाईंच्या हातांकडे बघत होती, जणू ते हात आत्ताच्या आत्ता काढायला लागतील. कपाळ रुंद होतं, मिशी होती, कानाची पाळी लांब होती. बाईंनी कागद घेतला नाही.

"मी त्यांना पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण त्या खाली सतरंजीवर आईच्या समोर बसल्या होत्या, आणि त्या कधी खाली बसत नसत. "मी काढलं तर मिशीवाला एक म्हातारा निघेल. तो कुणाचाच बाप नसेल. तुम्ही पाहिलंय. तुम्ही काढा."

"मले कुठं येते बाई? मले तांब्या येते."

"मग तांब्या जसा काढला तसं काढा. दिसेल तेवढंच." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू मदत कर. मध्ये मध्ये बोलू नकोस."

घरी आल्यावर आम्ही बसलो. आईने चेहऱ्याचा अंडाकार काढला, त्यात मधली रेघ काढली, बाईंनी मुलींना दाखवताना तिने पाहिलं होतं तसं. मग थांबली. डोळे काढले, ते कुणाचेही डोळे होते. मी नाक काढून दिलं. "असं नाही वं," ती म्हणाली. "मग कसं?" "असं नाही, एवढं समजते." दुसरा कागद, तिसरा कागद. खोडरबर नव्हतंच, त्यामुळे चुकलेले आजोबा एकाशेजारी एक जमत गेले, सगळे परके. शेवटी आईने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नाही दिसत मले," ती म्हणाली. "माह्याच बापाचं तोंड नाही दिसत. डोळे मिटले का दिसते, काढाले गेली का पळून जाते."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मी काय करावं ते न कळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पहिली शिफ्ट संपवून आलेले दादा बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी रेडिओ बंद केला, पण ते आत आले नाहीत. बऱ्याच वेळाने आई बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, अशीच.

त्यांच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरात सांगून टाकलं होतं की पोरगी पुढे शिकेल. पुढची शाळा शेजारच्या गावात, तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत जायचं. पाळीवर दोन्ही बाजूंनी गवत माजलेलं आणि गवतात साप. म्हणून आजोबा रोज सकाळी तिला सोडायला जायचे. ते पुढे, काठी आपटत, आणि ती मागे. तिचं दप्तर त्यांच्या डाव्या खांद्याला. ते वळून बघायचे नाहीत, नुसतं विचारायचे, "येऊन राहिली न?" आणि ती म्हणायची, "येऊन राहिली." तिची सातवी होईपर्यंत असंच.

"मी त्याईचं तोंड पाह्यलंच कमी," आई म्हणाली. "कामावरून आले का अंधार. मी त्याईले पाठीमागूनच पाह्यलं सगळं."

मग तिने चौथा कागद ओढला. तिने पेन्सिल दूर धरली, मूठ सैल सोडली, आणि खांद्यापासून एक रेघ खाली आणली. पाठीची रेघ. ती थरथरली नाही. मग डावा खांदा, उजव्यापेक्षा थोडा वर, दप्तराच्या बंदामुळे उचललेला. मानेवरचा केसांचा कातरलेला काठ. धोतराचा काष्टा. पायात काही नाही, टाचा मात्र तिने फार वेळ काढल्या, भेगांसकट. मधूनच ती म्हणायची, "इथं काळं कर," आणि मी टू-बी आडवी धरून सावली भरायची, "इथं नको, इथं ऊन येत होतं." संध्याकाळ होईपर्यंत एक माणूस आमच्याकडे पाठ करून पाळीवरून चालायला लागला होता. काठी पुढे गेली होती, म्हणून तिचा अर्धाच भाग दिसत होता. तळं आईने काढलंच नाही. "ते सगळ्याईले माहीत आहे," ती म्हणाली.

दादा आत आले. त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं पण, तोंड?" मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि वितेने कागदाचं माप घेतलं. कारखान्यातून दुसऱ्या दिवशी ते एक काच आणि लाकडी पट्ट्या घेऊन आले आणि चौकट करून दिली.

गावी पोचलो तेव्हा मामाच्या अंगणात मांडव घातला होता. आई चौकट पदरात गुंडाळून घेऊन आली होती, रेल्वेत तिने ती खाली ठेवलीच नव्हती. मामाने ती हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काय आणलं तुनं बाई? लोक हार कोणाले घालतील? पाठीले?" चौकट बुद्धमूर्तीच्या बाजूला पाटावर ठेवली गेली, कारण दुसरं काही नव्हतं. माणसं येत गेली. मी कोपऱ्यात बसून प्रत्येकाचं तोंड बघत होते, मला भीती वाटत होती की कुणीतरी हसेल. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, फुलं वाहायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. "अरे, चालला न हा," ते म्हणाले. मग आणखी कुणी, मग आणखी. बायका पुढे येऊन चित्रातल्या खांद्यावर बोट ठेवून एकमेकींना दाखवत होत्या. कुणालाही नाव सांगावं लागलं नाही.

आजीला सगळ्यात शेवटी आणलं. तिला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. दोघींनी दंडाला धरून तिला पाटासमोर बसवलं. तिला कमी दिसायचं, म्हणून ती अगदी काचेला नाक लागेल एवढी वाकली. वंदना सुरू व्हायची होती, सगळे थांबले होते. आजीने तळहात काचेवर ठेवला, पाठीवर, आणि अगदी घरात दोघांतच बोलावं तसं म्हणाली, "जरा वळा न जी."

आई उठून आजीच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. मामा मांडवाच्या बाहेर निघून गेला.

ते चित्र आजीने ठेवून घेतलं. पुढे तिच्यामागे, घर नव्याने बांधताना ते कुठे गेलं कुणाला माहीत नाही. मी चौकशी केली होती. आईही आता नाही. तिचे फोटो मात्र आहेत, पुष्कळ आहेत, मुलाने फोनमध्ये सगळे घालून दिले आहेत. लग्नातले, वाढदिवसाचे, दवाखान्यातलेसुद्धा. पेन्सिल हातात असलेला एकही नाही. तेव्हा कुणाला सुचलं असतं?

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. दादा वरच्या बाकावर झोपले होते, आई खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी. बाहेर भाताची कापलेली शेतं मागे जात होती. नागपूर मागे पडलं तशी आई एकदम ताठ बसली. "सुजू," ती म्हणाली, "पेन्सिल दे."

"पेन्सिल नाहीये आई." मी ती मामाच्या मुलीला देऊन आले होते.

"आता दिसून राहिलं वं," ती म्हणाली. "बाबांचं तोंड. पुरं दिसून राहिलं." ती डोळे मिटून बसली होती आणि घाईत होती, जणू स्टेशन येईल आणि कुणीतरी उतरून जाईल. तिने माझा हात ओढून मांडीवर घेतला, उलटा केला आणि तळव्यावर बोटाने काढायला लागली. हे कपाळ. ही भुवई, एक तुटकी होती, लहानपणी बैलानं मारलेलं. हे नाक, इथं बसकं. ही मिशी. मी हसले, गुदगुल्या झाल्या म्हणून, आणि मग हसायची थांबले, कारण ती हसत नव्हती. तिचं बोट खरबरीत होतं आणि अगदी सैल, लिमयेबाईंना हवं तसं, खांद्यापासून हलणारं. कान. कानाची लांब पाळी. हनुवटीवरचा खड्डा. मला काहीच दिसत नव्हतं, पण मी हात हलवला नाही. वर्धा आलं, चहावाले ओरडत गेले, गाडी पुन्हा निघाली, आणि ती काढतच होती.